दहा नंबरची काच

मित्रांनो, मला नाव नाही, नंबर आहे. माझ्याभोवती पितळेची बारीक कडी आहे, कडीला नखाएवढा दांडा आहे आणि त्या दांड्यावर अधिकचं चिन्ह आणि दहाचा आकडा कोरलेला आहे. पूर्वी चष्म्याच्या दुकानात नंबर काढायची लाकडी पेटी असे. तिच्यात मखमलीच्या खाचांमध्ये आम्ही काचा जोडीजोडीनं बसायचो. शेवटच्या रांगेत बसणारी जाडजूड काच म्हणजे मी. आता माझं पितळ काळवंडलंय आणि कडेचा एक टवका उडालाय. पण माझ्यातून उजेड अजून नीट जातो, आणि आमच्या धंद्यात तेवढं पुरतं.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथल्या फरशीवर सदा पांढरट चिखल असे, कारण काच घासायची म्हणजे पाणी लागतंच. सुरुवातीला मी नुसती धुरकट चकती होते. पाणपोईवरच्या पेल्याच्या बुडासारखी. मला घडवणाऱ्या कारागिराला सगळे लालबोट्या म्हणत. काचेला शेवटची चमक आणायला तो एक तांबडी पूड वापरायचा, ती त्याच्या नखांत इतकी मुरली होती की कितीही धुतलं तरी जात नसे. त्याची बायको म्हणे त्याला घरी चमच्यानंच जेवायला लावायची.

लालबोट्यानं मला लोखंडी वाटीत ठेवून ओल्या रेतीवर गोल गोल घासलं. आधी जाड रेती, मग बारीक, मग पिठासारखी. चार दिवस हेच. मध्ये जाड आणि कडेला पातळ असं माझं पोट हळूहळू तयार झालं. मग त्यानं मला पुसून खिडकीसमोर धरलं आणि मागे एक पांढरा कागद नेला. कागद पुढं-मागं करता करता एका जागी येऊन तो थांबला, आणि त्या कागदावर अख्खी खिडकी उतरली! गज, बाहेरचं झाड, झाडामागचं पाण्याचं टाकं, सगळं बोटभर, सगळं उलटं. झाड खाली डोकं वर पाय करून लोंबत होतं. लालबोट्यानं पट्टी लावून माझ्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजलं. बरोबर दहा सेंटिमीटर.

"मीटरच्या दहाव्या भागात उजेड गोळा करते," तो शेजारच्याला म्हणाला, "म्हणून दहा नंबर. जितक्या जवळ गोळा करेल तितका नंबर मोठा."

माझं बारसं ते एवढंच. माझ्याच मापाची एक जुळी बहीण त्यानं घडवली आणि आम्हा दोघींना पेटीत शेजारी शेजारी बसवलं.

ती पेटी ज्यांच्या दुकानात आली त्यांना गावात सगळे फुंकरकाका म्हणत. काच हातात घेतली की आधी तोंडाजवळ नेऊन एक ऊबदार फुंकर, मग मऊ फडक्यानं दोन हलके फेर. त्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं काच धरतच नसत. दुकान लहान होतं. एका भिंतीवर मोठ्याकडून बारीककडे उतरत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, समोर एक खुर्ची, आणि मध्ये फुंकरकाका. नाकावर बसणारी एक जड लोखंडी फ्रेम होती. तिच्या खाचांत ते आम्हाला एकेक करून बसवायचे आणि विचारायचे, "आता बरं दिसतं, का आधी बरं होतं?"

कुणी विचारलं की काच उजेड वळवते तरी कशी, तर ते रस्त्याकडे बोट दाखवायचे. दुकानासमोर बांधकामाची वाळू पडलेली असे आणि हातगाडीवाला ती चुकवत जायचा. "गाडीचं एकच चाक आधी वाळूत गेलं तर काय होतं?" ते विचारायचे. "ते चाक मंदावतं, दुसरं आपलं धावत राहतं, आणि गाडी वळते. उजेडाचं तसंच आहे. हवेत तो पळतो, काचेत जरा रेंगाळतो. सरळ शिरला तर सरळ जातो. तिरका शिरला की वळतो. ह्या काचेच्या मध्यावर तो सरळ शिरतो, कडेला तिरका. म्हणून कडेचा उजेड आत वळतो आणि सगळा मिळून एका ठिकाणी भेटतो. ते ठिकाण डोळ्याच्या पडद्यावर आणून ठेवायचं, एवढंच माझं काम."

मित्रांनो, तुमच्या डोळ्यातही असंच एक भिंग आहे. काचेचं नव्हे, जिवंत. म्हातारपणी ते गढूळ होतं, त्याला मोतीबिंदू म्हणतात. माझ्या तरुणपणी डॉक्टर ते गढूळ भिंग काढून टाकायचे, पण त्या जागी बसवायला दुसरं काही नव्हतं. मग उजेड आत यायचा तो वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा. कुठं थांबायचं ते त्याला कळेना. अशा माणसांसाठी मी होते. डोळ्यातल्या भिंगाचं काम मी डोळ्याबाहेर बसून करायची.

काय दिवस होते ते! ऑपरेशन झालेली माणसं कुणाचा तरी हात धरून यायची. खुर्चीत बसायची, आणि फुंकरकाका आम्हा दोघी बहिणींना फ्रेममध्ये सरकवायचे. मग चेहरा बदलायचा. तो बदलणारा चेहरा सगळ्यांत जवळून मी पाहिला आहे.

एक पाट्या रंगवणारे आजोबा मला विसरता येत नाहीत. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. गेली काही वर्षं मात्र त्यांचं रंगाच्या दुकानदाराशी भांडण चालू होतं. निळ्या रंगात भेसळ आहे, पिवळट मारतो, असं त्यांचं म्हणणं. दोघांत बोलणं बंद होतं. ऑपरेशननंतर त्यांच्या बायकोनं त्यांना दुकानात आणलं. आम्ही डोळ्यांवर चढलो, त्यांनी दारातून समोर पाहिलं आणि समोरच्या पाटीवर नजर खिळली.

"हा निळा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच," बायको म्हणाली. "दोन वर्षांपूर्वीचा."

गढूळ भिंगातून निळा रंग पिवळट दिसतो, हे फुंकरकाकांनी त्यांना हळूच समजावलं. चष्मा तयार व्हायला आठवडा होता. पण आजोबा तेवढंही थांबले नाहीत. बायकोचा हात धरून ते तसेच धूसर डोळ्यांनी रंगाच्या दुकानात गेले आणि माफी मागून आले.

माझ्यातून सगळं पाव पटीनं मोठं दिसायचं, त्यामुळे गमतीही व्हायच्या. एका आजींनी मला लावून पहिल्यांदा सुनेकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं की अगं, तू एवढी कधी सुटलीस? सून हसून हसून दमली. घरी माझ्या नंबरचा चष्मा लावून लोक चहा कपाऐवजी टेबलावर ओतायचे, जिन्याची पायरी जवळ समजून पाऊल हवेत टाकायचे. फुंकरकाका प्रत्येकाला बजावायचे की पंधरा दिवस धीर धरा, मेंदू शिकतो.

मग काळ बदलला. डॉक्टर गढूळ भिंगाच्या जागी मसुरीच्या दाण्याएवढं नवं भिंग डोळ्याच्या आतच बसवू लागले. फुंकरकाकांचं स्वतःचं ऑपरेशन झालं तेव्हा ते चौथ्या दिवशी बिनचष्म्याचे दुकानात आले आणि तक्त्याची खालची ओळ खुर्चीतूनच वाचून दाखवली. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, थोडं वाईटही वाटलं. मला वाटलं होतं, त्यांचे डोळे तरी माझ्या वाट्याला येतील.

दुकान आता त्यांची मुलगी पाहू लागली. तिला सगळे ताई म्हणत. ताईनं एक यंत्र आणलं. हनुवटी टेकवायची, आतलं चित्र पाहायचं, यंत्र जरा गुणगुणतं आणि नंबर छापून देतं. पेटी मागं पडली. एका वर्षी दुकानाला रंग देताना ती घसरून पडली. माझ्या बहिणीचे तुकडे झाले, माझ्या कडेचा टवका उडाला. पेटीतली शेजारची खाच तेव्हापासून रिकामी आहे.

बारीक स्क्रू पाहायला बरी म्हणून ताईनं मला टेबलावरच्या भांड्यात पेनांच्या मध्ये खोचून उभं ठेवलं. तिथं माझ्या हातून एक गुन्हा घडला. हिवाळ्याची दुपार, ऊन तिरकं आत आलं. मी सवयीनं ते गोळा केलं आणि बरोबर दहा सेंटिमीटरवर नेऊन ठेवलं. तिथं कागदांचा गठ्ठा होता. आधी तपकिरी ठिपका, मग धुराची बारीक दोरी, मग ज्योत. ताईनं पाण्याचा तांब्या ओतला म्हणून थोडक्यात निभावलं. ती मला रागावली नाही, चूक आपलीच असं म्हणाली. पण मला फडक्यात गुंडाळून पेटीत आणि पेटीला कपाटाच्या डोक्यावर ठेवलं. आम्ही वाकवलेला उजेड दृष्टी देतो तसा आगही लावतो. मला माझा राग आला होता.

सात वर्षं मी अंधारात होते. खालचे आवाज तेवढे यायचे. यंत्राचं गुणगुणणं, ताईचं बोलणं, दुपारी येऊन खुर्चीत बसणाऱ्या फुंकरकाकांचं खोकणं.

एके दिवशी खाली एक बाई आली. ती पलीकडच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान चालवायची आणि ताईचे पांढरे कोट घेऊन यायची. बरोबर तिची सात वर्षांची मुलगी होती. आई तिला छकुली म्हणायची. शाळेतली मुलं मात्र तिला चाचपू म्हणत, कारण ती सगळं हातानं चाचपून घ्यायची.

कोटाचं एक बटण तुटून फरशीवर पडलं होतं. छकुली ते उचलायला बसली. बटण तिच्या पायापाशीच होतं, पण ती तळहात फरशीवर फिरवत राहिली, जणू जमीन सारवतेय. ताईच्या ते लक्षात आलं. तिनं विचारलं की हिचे डोळे कुणाला दाखवलेत का.

"डोळ्यांचं सगळं झालंय हो," आई म्हणाली. जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तान्ही असतानाच तो काढला होता. तेव्हा एक छोटा चष्माही मिळाला होता. तो तुटला, मग कामासाठी गाव बदललं, आणि ऑपरेशन झालंय म्हणजे डोळे बरे झाले असं सगळे धरून चालले. आता शाळेतून चिठ्ठी आली होती. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. पोरीला डोकं नाही, दोन वर्षांत एक अक्षर येत नाही, तिला घरीच ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. हे सांगताना आई कोटांची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

ताईनं छकुलीला यंत्रापुढं बसवलं. पण तिची बुबुळं सारखी थरथरत होती. यंत्राला नजर सापडेना, ते नुसतंच चूक दाखवत राहिलं. तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीतून फुंकरकाका म्हणाले, "पेटी काढ."

फडकं सुटलं. सात वर्षांनी उजेड माझ्यातून गेला. आणि पाठोपाठ ती ऊबदार फुंकर.

काकांनी छोट्या टॉर्चची उजेडाची पट्टी छकुलीच्या डोळ्यावर बरोबर फिरवली. बुबुळाच्या आतली तांबूस चमक कुठल्या बाजूला सरकते ते पाहायचं आणि ती सरकायची थांबेपर्यंत काचा बदलत जायचं. ह्या पद्धतीत रुग्णाला एक शब्दही बोलावा लागत नाही. बारा नंबर निघाला. माझ्यापुढं दोनची काच लावली की बारा. पण दुसऱ्या डोळ्याला माझी बहीण नव्हती. काकांनी पेटीवर नजर फिरवली आणि सहाच्या दोन काचा एकावर एक सरकवल्या. आमच्या नंबरांची अशी बेरीज होते, मित्रांनो. एकीला जमत नाही ते दोघी मिळून करतात.

फ्रेम छकुलीच्या नाकाला फार मोठी होती. तिनं ती दोन्ही हातांनी धरली आणि समोर पाहिलं. समोर आई होती.

ती हसली नाही, रडलीही नाही. तिनं बोट पुढं केलं आणि आईच्या मनगटावर ठेवलं.

"इथं काय झालं?"

"इस्त्री लागली होती."

"कधी?"

"तू झालीस त्याच्या आधी."

सात वर्षं त्या मनगटाला धरून चाललेल्या पोरीला तो डाग आज दिसला होता. आईनं तोंड फिरवलं. फुंकरकाका काचा पुसायच्या निमित्तानं पेटीकडे वळले.

ताईनं दुपारी दुकान बंद केलं आणि मायलेकींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आतला पडदा तपासला. पडदा चांगला होता, नंबर बरोबर होता. एवढ्या वर्षांत न पाहिल्यानं मेंदू पाहायला शिकलेला नाही, सगळं परत येईल असं नाही, पण उद्यापासूनच सुरुवात करा, असं त्यांनी सांगितलं. अडचण एकच होती. एवढ्या जाड काचा घासून यायला दहा दिवस, आणि शाळा उद्या दहाला.

"फ्रेम दे तिला," फुंकरकाका म्हणाले.

"तपासणीची फ्रेम दुकानाबाहेर द्यायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत," ताई म्हणाली.

"शिकवलं. आता हे शिक."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. आयुष्यात पहिल्यांदा. ताईनं फ्रेमला फीत बांधून ती छकुलीच्या डोक्यामागं गाठ मारून पक्की केली होती. वर्गात शिरताच हसू फुटलं. छकुली थांबली आणि हसणाऱ्यांकडे वळून एकेकाकडे पाहू लागली. बहुधा आवाजांना चेहरे लावत होती. त्या पाहण्यानं हसणं आपोआप विरलं.

मोठ्या बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी पुस्तक उघडून पुढं ठेवलं. छकुलीनं पुस्तक जवळ घेतलं. जवळचं पाहायला तुमच्या डोळ्यातलं भिंग फुगतं, तिच्याकडे ते भिंगच नव्हतं. अक्षरं फिसकटलेली दिसली असणार. तिनं फ्रेम नाकावरून थोडी खाली ढकलली. काच डोळ्यापासून दूर गेली की माझा जोर वाढतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनं शोधलं. अक्षरं स्पष्ट झाली, तरीही ती गप्पच राहिली. वाचणार कशी? अक्षर म्हणून तिनं कधी काही पाहिलंच नव्हतं.

"बघा," बाई आईला म्हणाल्या, आणि पुस्तक मिटू लागल्या.

"बाई, तिला वाचायला नका सांगू," आई म्हणाली. "बघून काढायला सांगा."

बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर हातभर मोठा 'ट' काढला. छकुली फळ्यापाशी गेली, नाक लावून पाहिलं, मागं आली आणि पाटीवर काढू लागली. पाटी बाईंच्या हातात गेली. 'ट' थोडा वाकडा होता. पण त्याच्या गोलाईत एका जागी रेघ तुटली होती. बाईंनी फळ्याकडे पाहिलं. त्यांचाच खडू तिथं घसरला होता. तेवढी तुटलेली जागासुद्धा पोरीनं जशीच्या तशी काढली होती.

बाईंनी पाटी टेबलावर नीट ठेवली. मग त्यांनी स्वतः जाऊन छकुलीचं दप्तर शेवटच्या बाकावरून उचललं आणि पहिल्या बाकावर आणून ठेवलं. आईजवळ येऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चूक माझी झाली."

दहा दिवसांनी छकुलीचा चष्मा आला आणि मी पेटीत परतले. पुढं तिची खूप मेहनत झाली. चांगला डोळा रोज दोन तास झाकायचा आणि मागं पडलेल्या डोळ्याला कामाला लावायचं. ती दरवर्षी तपासणीला यायची. उजवा डोळा तक्त्यावर एकेक ओळ उतरत गेला. डावा मात्र तिसऱ्या ओळीवर अडला तो अडलाच. आणखी लवकर कुणी पाहिलं असतं तर तोही उतरला असता, असं डॉक्टर म्हणाले.

फुंकरकाका आता नाहीत. छकुली चौदा वर्षांची झाली तेव्हा तिच्याही डोळ्यांच्या आत नवं भिंग बसलं. ते दाखवायला ती दुकानात आली. ताईनं मला तिच्या हातावर ठेवलं. तिनं मला उलटसुलट केलं, दांड्यावरचा आकडा वाचला आणि मग डोळ्याला लावलं. माझ्यातून तिला काहीही धड दिसलं नाही. सगळं धूसर. तिनं मला खाली घेतलं आणि हसली. मित्रांनो, माझ्यासारख्या काचेला ह्याहून मोठं बक्षीस नाही.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या वर्गात कुणी पुस्तक नाकाला लावून बसत असेल, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत असेल, चेंडू सुटला म्हणून रोज बोलणी खात असेल, तर त्याला ढ म्हणायच्या आधी जवळ जा आणि विचारा, "तुला फळा दिसतो का?" छकुलीला हा प्रश्न दोन वर्षांत वर्गातल्या कुणीही विचारला नव्हता.